फरक ४३६ रुपयांचा

मंगळवारी ऑफिसमधून येताना एटीएममध्ये शिरले, सांगलीच्या खात्यावर किती शिल्लक आहे तेवढं बघायला, आणि तिथून पुढे रविवारपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

स्क्रीनवर आकडा आला ३७,४१२. स्लिप आली नाही, मशीनमधला कागद संपलेला (तो असतो कधी?), मग तळहातावर पेनने आकडा लिहून घेतला, दुसऱ्या हातात फोन असताना. घरी आले, कुकर लावला, त्या खात्याचं रजिस्टर काढलं. शनिवारी सांगलीला गेले होते तेव्हा दोन चेक दिलेले, एक मेडिकलवाल्या काकांना २,३६५ चा, आई-अण्णांच्या महिन्याच्या औषधांचा, आणि एक प्लंबरला १,८०० चा. दोघांनीही अजून बँकेत टाकलेले नाहीत, फोन करून विचारलं. म्हणजे हे ४,१६५ गेलेच असं धरायचं, उरले ३३,२४७. आणि रजिस्टरमध्ये माझी शिल्लक होती ३३,७०३.

फरक ४५६.

आता इथे मी जे केलं ते सांगूनच टाकते. ते एटीएम दुसऱ्या बँकेचं होतं, शिल्लक बघितली तरी वीसेक रुपये कापतात असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं डोक्यात होतं, म्हटलं चला, वीस तिथे गेले. रजिस्टरमध्ये लिहिलं 'किरकोळ – २०'. राहिले ४३६. आणि मग मी या ४३६ च्या मागे लागले.

नवरा म्हणाला, अगं चारशे रुपये, आपण काल पिझ्झाला सहाशे दिले. त्याला काय सांगणार. मी दिवाणजीची मुलगी आहे.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते, छत्तीस वर्षं. दिवाणजी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, तर मालक गादीवर बसतो, सौदे करतो, शेतकऱ्यांना चहा सांगतो, आणि दिवाणजी लिहितो. कुणाची किती पोती आली, वजन काय भरलं, हमाली किती, तोलाई किती, कुणाला उचल दिली, कुणाकडून यायचे आहेत, सगळं. हळदीच्या सीझनला अण्णा रात्री दहाच्या आत घरी दिसायचे नाहीत आणि आले की शर्टाला, बोटांना, पायजम्याच्या खिशाला पिवळा रंग. आई म्हणायची, लोकांना एकदा हळद लागते, यांना रोज.

उशीर व्हायचा तो रोजमेळामुळे. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबुळकी वही, पानावर वर 'श्री', डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे गेलेले. संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या बेरजा मारायच्या, कालची शिल्लक धरायची, गल्ल्यातली रोकड मोजायची, आणि वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड एक आली की मेळ बसला. नाही बसला तर कुणी उठायचं नाही, मालकसुद्धा. एकदा पाच रुपयांसाठी अण्णा पाऊण तास उशिरा आले आणि त्या दिवशी माझा वाढदिवस होता. मी रडून विचारलं, खिशातले पाच टाकून का नाही आलात? तर म्हणाले, फरक पाचचा दिसतो म्हणून पाचचाच असतो असं नाही बाळा, एकीकडे पाचशे पाच कमी लागले असतील आणि दुसरीकडे पाचशे जास्त, तरी वहीत पाचच दिसणार.

तेव्हा काही कळलं नव्हतं. केकसुद्धा नव्हता, शिरा होता.

सांगलीचं हे खातं माझ्याच नावावरचं. कॉलेजला असताना स्कॉलरशिपसाठी काढलं, आणि काढल्या दिवसापासून अण्णांनी त्याचं रजिस्टर ठेवलं, साधं दोनशे पानी, हाताने रेघा मारलेलं. तारीख, चेक नंबर, कोणाला, नावे, जमा, शिल्लक, आणि शेवटचा एक अरुंद रकाना ज्यात पासबुकाशी ताडून बघितलं की बरोबरची खूण. बस. मी नोकरीला पुण्याला आले, खातं तिकडेच राहिलं, घरपट्टी, डागडुजी, मेडिकल, आई-अण्णांचं जे काही ते त्यातून. महिन्याला मी पैसे पाठवते, महिन्या-दोन महिन्यांनी जाते तेव्हा चेक लिहिते. कोरा चेक सही करून ठेव म्हटलं तर अण्णा ठेवू देत नाहीत, स्वतःच्या बापाकडे पण ठेवायचा नाही म्हणतात.

त्यांची एकेक खोड होती. एप्रिल २०१० च्या आधी बचत खात्याला रोजच्या शिल्लकेवर व्याज नव्हतं मिळत, महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच मिळायचं. म्हणजे नऊ तारखेला भरले तर व्याज, अकराला भरले तर त्या महिन्याचं गेलं. अण्णा १० तारखेच्या आत सायकल मारत बँकेत, उन्हातान्हात, आणि पैसे काढायचे असतील तर शक्यतो एक तारखेवर ढकलायचे. व्याज किती मिळायचं तर चार-सहा रुपये, पण ते आपले होते आणि आपण उशीर केला म्हणून गेले, याचा त्यांना खरा राग यायचा. आणि २०१९ च्या पुरात गल्लीत पाणी चढायला लागलं तेव्हा माळ्यावर पहिल्यांदा काय गेलं तर वह्यांचं गाठोडं, टीव्ही नंतर. आई अजून ऐकवते.

गेल्या दिवाळीत पाडव्याला त्यांनी रजिस्टर आणि पासबुक माझ्या हातात दिलं. हात थरथरतो आता, सातचा एक होतो म्हणाले, तूच बघ. मी वरवर हो हो केलं आणि गाडीत रडले थोडी.

तर मंगळवारचा फरक. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर बसले. अण्णांनी शिकवलेलं पहिलं, बेरजा परत मार, पण खालून वर. वरून खाली मारली की डोळा तीच चूक परत करतो. पाडव्यापासून सगळ्या बेरजा खालून वर मारल्या, बरोबर. दुसरं, पान उलटताना शिल्लक 'पुढे नेली' आणि पुढच्या पानावर 'मागील पानावरून' हे दोन आकडे तेच आहेत का, कारण निम्म्या चुका पान उलटताना होतात. तेही बरोबर.

तिसरं नऊचं. हे मला इतकं आवडतं की सांगतेच. फरकाला नवाने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल असं समजायचं. मार्चमध्ये माझ्या पुण्याच्या खात्याच्या वहीत २७ चा फरक आलेला, सत्तावीसला नवाने भाग जातो, मग शोधलं तर लाईट बिल १,२६३ चं मी १,२३६ लिहिलेलं. कुठलेही दोन आकडे उलटे लिहा, फरक नऊच्या पाढ्यातलाच येणार, करून बघा. पण ४३६, चार तीन सहा तेरा, जात नाही भाग.

चौथं, फरक निम्मा कर. जमेची रक्कम चुकून नावे लिहिली की फरक दुप्पट येतो, म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम वहीत कुठे आहे का बघायची. ४३६ चे निम्मे २१८. आणि होती! मार्चअखेरचं व्याज, २१८. मी खुर्चीतून उठले अक्षरशः, नवऱ्याला हाक मारली, सापडलं म्हणून. मग नीट बघितलं तर ते जमेलाच लिहिलेलं होतं, अगदी सुंदर अक्षरात, जिथे पाहिजे तिथे. योगायोग नुसता. नवरा म्हणाला झोप आता.

तुम्ही म्हणाल बँकेचं अ‍ॅप उघड आणि बघ ना बाई. तर त्या खात्याला मोबाईल नंबर अण्णांचा लागलेला आहे, कॉलेजात असताना माझ्याकडे फोनच नव्हता. तो बदलायचा अर्ज गेली कित्येक वर्षं 'यावेळी देऊ' आहे. त्यामुळे अ‍ॅप नाही, यूपीआय नाही, मेसेज येतात ते सांगलीला, आणि महत्त्वाचा असेल तर अण्णा फोनवर वाचून दाखवतात. व्याजाचा तसाच कळला. पण मेच्या शेवटी त्यांचा फोन आठ दिवस रिपेअरला होता. पासबुक माझ्याकडे, ते मेच्या पहिल्या आठवड्यात भरून घेतलेलं, तिथपर्यंत सगळं जुळलेलं. म्हणजे जे काय झालं ते त्यानंतर. आणि शनिवारी सांगलीत असताना भरून घेतलं असतं पण ७ जूनला बकरी ईदची सुट्टी होती.

गुरुवारी लंचमध्ये इथल्या ब्रांचला गेले. पासबुक छापायच्या मशीनवर कागद चिकटवलेला, 'मशीन बंद आहे', आणि काउंटरवर ही रांग. लंच अर्ध्या तासाचा. परत. मग शनिवारी सकाळी आवरून, पासबुक पर्समध्ये घालून, रिक्षा करून गेले, तर शटर खाली. दुसरा शनिवार. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे हे मला माहीत आहे, शेजारच्या काकूंना मीच सांगते. रिक्षाचे एकशे दहा गेले, ते पुण्याच्या वहीत लिहिले, 'प्रवास'.

एवढं सगळं अण्णांना एक फोन केला असता तर... हो, पण करायचा नव्हता. वही हातात देऊन सात महिने झालेत आणि मेळ बसत नाही म्हणून बापाला फोन करायचा? माझं मी शोधीन.

मी एवढी का धरून बसते त्याला एक मागचं कारण पण आहे. २०१८ ची गोष्ट, आम्ही या फ्लॅटमध्ये नवीन. सोसायटीचा सहा महिन्यांचा मेंटेनन्स एकदम भरायचा होता, साडेआठ हजाराचा चेक खजिनदारांना दिला. ते भला माणूस, पण त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गावाला गेले, मुलीचं बाळंतपण. इकडे मी फोनवर शिल्लक बघतेय, साडेआठ हजार जास्त दिसतायत, आणि तेव्हा मी वही-बिही काही ठेवत नव्हते कारण सगळं फोनवर दिसतं की, वही कशाला. दिसतायत म्हणून वापरले. दीड महिन्याने काकांनी चेक टाकला आणि तो परत आला, पैसे अपुरे. बँकेने साडेतीनशे आणि वर जीएसटी असे ४१३ कापले, सोसायटीच्या बँकेने त्यांचे वेगळे कापले, आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर काका इतकं गोड हसले की जमीन दुभंगावी.

चेक परत गेला तर १३८ कलमाखाली फौजदारी होऊ शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ चा. समोरच्याने तीस दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही पैसे दिले तर मिटलं, नाहीतर कोर्ट, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. काकांनी अर्थातच काही केलं नाही, मी त्याच संध्याकाळी पैसे दिले. पण मी आठवडाभर बेल वाजली की दचकत होते.

अण्णांना सांगितलं तर ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, 'चेक फाडला तेव्हा शिल्लक कमी केली होतीस का?' मी म्हटलं, पण पैसे गेले कुठे होते, खात्यातच होते ना. तर म्हणाले, 'चेक फाडला की पैसे गेले. बँकेला अजून कळलेलं नाही इतकंच.'

हेच आहे सगळं. म्हणजे फोनवर दिसते ती बँकेला जेवढं कळलंय तेवढ्याची शिल्लक. आपण दिलेला चेक तीन महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतो (आधी सहा महिने चालायचा, एप्रिल २०१२ पासून तीन), पंधरा तारखेचा हप्ता पंधराला जाणार आहे पण आज चौदा आहे, हे त्या आकड्यात कुठून येणार. ते आपल्या वहीत असायला पाहिजे. आणि उलट, बँकेने परस्पर जमा केलेलं व्याज, परस्पर कापलेले चार्जेस हे आपल्या वहीत नसतं, ते पासबुकातून आणायचं. दोन वह्या, दोघींनाही अर्धंच माहीत, आणि महिन्यातून एकदा दोघींना समोरासमोर बसवायचं. तेव्हापासून मी पुण्याच्या खात्याची पण वही ठेवते.

पुण्याची वही म्हणजे मात्र वेगळीच भानगड. सांगलीच्या खात्यावर महिन्याला पाच-सहा नोंदी, आणि इथे एका दिवसात तेवढ्या. कोथिंबीर दहा, रिक्षा चाळीस, झेरॉक्स सहा. रोख होती तेव्हा पाकिटात पाचशे घातले आणि संपले, एक नोंद, विषय मिटला. आता प्रत्येक कोथिंबिरीची बँकेत नोंद होते आणि ती पण कुणाच्या नावाने तर भाजीवाल्या मावशींच्या जावयाच्या. पहिल्यांदा स्टेटमेंटमध्ये ते नाव बघितलं तेव्हा मला वाटलं खातं हॅक झालं, दर दोन दिवसांनी एक अनोळखी पुरुष माझ्याकडून तीस-चाळीस रुपये घेतोय. इस्त्रीवाले दादा स्टेटमेंटमध्ये एका मोबाईल शॉपीच्या नावाने येतात. मी वहीच्या शेवटच्या पानावर यादीच केलीय, कोण म्हणजे कोण.

मग यूपीआय लाइट घेतलं. त्यात काय होतं की तुम्ही एकदा त्यात हजार-दोन हजार टाकायचे, ती एक नोंद बँकेत पडते, आणि पुढचे छोटे खर्च त्यातूनच जातात, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येतच नाहीत. म्हणजे परत पाकीटच झालं की ते, फक्त फोनमधलं. माझ्या वहीसाठी एकदम झकास, दर दहा दिवसांनी 'पाकीट १,०००' लिहायचं, संपलं.

पण यातूनच मला ती 'किरकोळ'ची सवय लागली. पाकिटातलं थोडं इकडेतिकडे व्हायचंच, मग महिनाअखेरीला अकरा रुपये, सतरा रुपये जे काय उरेल ते 'किरकोळ'. अण्णांच्या वहीत किरकोळ हा शब्दच नव्हता. झाडूवाल्या मावशींना दिवाळीचे दोन रुपये दिले तर तसं लिहिलेलं, सुतळी आणली तर सुतळी. मालक म्हणायचे अहो दिवाणजी एवढं काय, किरकोळ म्हणा, तर अण्णा मान हलवायचे आणि सुतळीच लिहायचे.

तर रविवार. सकाळी पोहे झाले, नवरा आंघोळीला गेला, आणि मी शेवटी फोन लावला. आधी तब्येत, पाऊस, कृष्णेला पाणी किती आलंय, आईचा गुडघा. मग मी अगदी सहज विषय काढल्यासारखं म्हटलं, अण्णा, मेळ बसेना झालाय.

'फरक किती?'

'चारशे छत्तीस.'

पलीकडे शांत. मला वाटलं फोन कट झाला.

'चारशे छत्तीस नाही येणार,' अण्णा म्हणाले. 'चारशे छप्पन्न येईल. नीट बघ.'

माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. सव्वादोनशे-एक किलोमीटरवर बसलेला माणूस, समोर वही नाही, पासबुक नाही, आणि माझ्या रजिस्टरात मी काय लपवलंय ते त्यांना दिसतंय.

मी म्हटलं, हो, म्हणजे, चारशे छप्पन्नच होता, पण त्यातले वीस मी एटीएमचा चार्ज धरला.

'कितीदा गेलीस मशीनवर?'

'एकदाच.'

'एकदा गेल्यावर कशाला कापतील? आणि कापले तरी आकडा बघून झाल्यावर कापणार ना. तू बघितलास तेव्हा ते वीस तिथेच होते की.'

गप्प बसले मी. त्यांनी विचारलं, मागच्या वर्षीचा मे बघितलास का? मी पाडव्याच्या मागे गेलेच नव्हते, माझी वही पाडव्यापासून सुरू होते असंच माझ्या डोक्यात. पानं उलटली. मे २०२४, अण्णांचं थरथरतं पण वाचता येणारं अक्षर, 'पंतप्रधान विमा ४३६', खाली 'अपघात विमा २०'. त्याच्या आधीच्या वर्षी तेच. त्याच्या आधी पण. आणि त्याच्याही आधी, २०२१ पर्यंत, ३३० आणि १२.

पंतप्रधान जीवनज्योती (हा आयुर्विमा) आणि सुरक्षा विमा (हा अपघाताचा). २०१५ मध्ये योजना आल्या तेव्हा बँकेत सगळेच फॉर्म भरत होते, अण्णांनी माझाही भरून माझी सही घेतली होती, मला आठवतसुद्धा नव्हतं. दरवर्षी मेच्या शेवटी पैसे आपोआप कापले जातात आणि एक जूनपासून वर्षभराचा विमा.

आता खरी गंमत. फोन ठेवला आणि काय वाटलं कोण जाणे, पुण्याची वही उघडली, मेचं शेवटचं पान. तिथे माझ्याच अक्षरात, निळ्या पेनने: 'विमा ४५६'. २०१९ मध्ये ऑफिसला कॅम्प लागला होता तेव्हा पगाराच्या खात्यावर मी तेच दोन्ही फॉर्म परत भरलेले. म्हणजे ज्या दिवशी मी सांगलीच्या वहीत ४५६ चा फरक बघत होते त्या दिवशी शेजारच्या वहीत, एका वितीवर, ४५६ लिहिलेले होते. फरक जसा होता तसा ठेवला असता तर पाच मिनिटांत डोळ्यात भरला असता. मी त्यातले वीस काढून घेतले आणि जगात कुठेच नसलेला ४३६ चा आकडा शोधत बसले. तोही होता म्हणा, अण्णांच्या वहीत, पण मी मागे गेले असते तर ना.

आणि या योजनांचा नियम असा की एका माणसाला एकाच खात्यातून विमा. चुकून दोन घेतले तरी भरपाई दोन लाखांचीच, दुसऱ्याचा हप्ता बुडीत. हिशेब केला. २०१९, २०, २१ ही तीन वर्षं ३३० प्रमाणे ९९०, पुढची चार वर्षं ४३६ प्रमाणे १,७४४. अपघाताचे तीन वर्षं १२ आणि चार वर्षं २०, म्हणजे ११६. एकूण २,८५०. सात वर्षं अण्णा तिकडे बरोबर लिहीत होते आणि मी इकडे बरोबर लिहीत होते (लिहीत नव्हते तेव्हा बँक लिहीत होती), दोन्ही वह्यांचा मेळ आपापल्या जागी बसत होता, आणि दोन्ही वह्या एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या.

सोमवारी हाफ डे टाकून ब्रांचला गेले, पासबुक काउंटरवरून भरून घेतलं, दोन ओळी आल्या, ४३६ आणि २०, अण्णांच्या क्रमाने. काउंटरवरच्या मॅडमना म्हटलं हे बंद करायचंय, त्या म्हणाल्या ज्या ब्रांचला खातं तिथेच अर्ज द्या. म्हणजे सांगली. जुलैत जाईन तेव्हा, मोबाईल नंबर बदलायच्या अर्जासोबत. अण्णांना सांगितलं तर त्यांचं म्हणणं पुण्याचा बंद कर, सांगलीचा जुना आहे, चार वर्षं आधीचा. अहो अण्णा विमा आहे तो, लोणचं नाही, मुरून काय होणार त्याचं? ते म्हणाले तरी पण.

रात्री रजिस्टर काढलं. व्हाइटनर लावायचा नाही, खाडाखोड करायची नाही, चुकलेलं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, बाजूला सही. 'किरकोळ – २०' वर रेघ मारली, सही केली. खाली लिहिलं 'पंतप्रधान विमा ४३६', त्याखाली 'अपघात विमा २०'. शिल्लक ३३,२४७. शेवटच्या अरुंद रकान्यात दोन खुणा. तेवढ्यात मेडिकलवाल्या काकांचा मेसेज आला, ताई चेक टाकला आज.